एका डोळ्याचा ळ

इब्रीच्या बाजारामागे, खजुराच्या गोदामात
मी खोक्यांवर शिक्के मारतो.
अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात.
पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, तुला जड जाईल.
मला काय जड जायचंय?
अकरा वर्षं खेडला 'जगबुडी समाचार'चे खिळे जुळवले मी.
उलटं वाचून वाचून
सरळ छापलेलं अजूनही जरा वाकडंच दिसतं.

आमची वाडी तीन गावांच्या मधे, म्हणजे कुणाचीच नाही.
खेडचा 'समाचार' शुक्रवारी,
हर्णैचा 'दीपस्तंभ' पंधरवड्यानं,
मंडणगडची 'गडवार्ता' संपादकाला ताप नसेल तेव्हा.
तिघांचं आपसांत पटायचं नाही.
एकानं छापावं, पूल वाहून गेला,
की दुसरा लिहिणार: पूल नव्हताच. साकव होता.
आम्ही तिन्ही वाचायचो
आणि पाण्यातून चालत जायचो.

इथून बहिणीला पहिलं पत्र धाडलं:
हलिमा, मासळी नको, पेपर पाठव.
तिला निम्मंच कळलं.
सुके बांगडे आले, पेपरात गुंडाळलेले.
तेव्हापासून बातम्या अशाच येतात, तेल प्यायलेल्या, फाटक्या.
तांबडा बैल हरवला आहे, कपाळावर पांढरा.
सापडला का, ते दुसऱ्या बांगड्याच्या पोटाखाली,
आणि तो बांगडा कुणा शेजाऱ्याकडे गेलेला.
मामलेदाराचं भाषण सुरू होतं, संपत नाही.
ते एक बरंच.
'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली फोटो,
पोरगा मस्कतला निघालाय, टाय उसना.
त्याला मी सोहारच्या बस थांब्यावर पाहिलंय,
टाय नव्हता.

पण मी शोधायचो ते वेगळंच.
माझ्या केसमधे सतरा ळ होते.
एक माझ्याच हातून फरशीवर पडला,
त्याचा उजवा डोळा फुटला.
पेठे म्हणाले, राहू दे कासम,
एका ळ साठी पुण्याला कोण पत्र लिहितो?
मग तो फिरत राहिला.
या आठवड्यात शाळेत, पुढच्या आठवड्यात उन्हाळ्यात,
एकदा तर थेट कुणा बाळकृष्णपंतांच्या निधनात.

इब्रीतही तो भेटायचा.
त्र्याऐंशी साली नारळाच्या भावात,
सत्त्याऐंशी साली एका वेळापत्रकात,
मीठ झटकलं की एक डोळा माझ्याकडे.
खोलीतला कुंजुमोन विचारायचा, काय हसतोस?
मी अक्षर दाखवलं. तो म्हणाला, हा आवाज आमच्यातही आहे,
आणि दोघांनी मिळून तो काढून दाखवला
पेशावरच्या गुलरेझला.
त्याला काही जमला नाही.

शहाण्णव साली पुडकं आलं, कागद पांढराशुभ्र.
ओळ अन् ओळ तपासली मी, दिव्याखाली धरून.
सगळे ळ धडधाकट.
दोन्ही डोळ्यांनी बघत होते,
एकानंही मला ओळखलं नाही.

हलिमाला विचारलं. दोन महिन्यांनी उत्तर:
पेठ्यांच्या मुलानं कंप्युटर घेतला.
खिळे किलोवर गेले. हर्णैच्या कोळ्यांनी नेले,
वितळवून जाळ्यांचे गोळे करायला.
त्या एका ओळीत चार ळ.
तिच्या हातचे, कुणी न जुळवलेले.
मी ते बोटानं मोजले.

यंदाही बांगडे आले आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
वाचायला काहीच नाही.
रात्री भातावर खाताना कुंजुमोन थबकला,
दाताखाली काहीतरी कचकचलं म्हणाला,
खडा असेल.
मी म्हटलं, थुंकू नकोस.
आधी दाखव.